आमसुली रंगाचा डबा

नखांतला रंग काही केल्या निघत नव्हता. वहिनी गॅरेजमागच्या मोरीवर उकिडवी बसली होती आणि मी उभ्यानंच तिच्या हातांवर थिनर ओतत होतो. ती चिंधीनं एकेक नख घासत होती. कातडी पांढरी पडली, बोटांची सालं निघायला आली, तरी अंगठ्याच्या कडेला एक बारीक रेघ राहिलीच.

"ऱ्हाऊ द्या की भावजी," ती म्हणाली. "रंगाचं गॅरेज हाय. हाताला रंग असला तर मॅडमला काय वावगं वाटायचंय?"

मी म्हटलं, मॅडम उद्या गॅरेजची मालकीण बघायला येणार आहेत, मजुरीण नाही. आणि आणखी थिनर ओतलं. ती घासत राहिली. थिनर किती झोंबतं हे मला चांगलं माहीत होतं.

याला आता अठरा वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. कराडच्या अलीकडे पाचवड फाट्यावर हायवेला लागून आमचं गॅरेज होतं. आम्ही सुतार. आजा बैलगाड्या करायचा, वडिलांनी ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधल्या, आणि माझा थोरला भाऊ निवृत्तीदादा मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये शिरला. त्याच्या रंगकामाचं नाव कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत होतं. ठोकलेल्या गाडीचं दार तो असं रंगवून द्यायचा, की कुठलं दार ठोकलं होतं हे मालकालाच आठवावं लागायचं. लोक म्हणायचे, निवृत्ती सुताराची नजर म्हणजे देवाची देणगी.

ती देणगी देवानं दादाला दिली नव्हती, शालनवहिनीला दिली होती. दादाला लाल आणि हिरवा यांतला फरकच कळत नसे. लग्नाला आठ दिवस झाले नाहीत तोच वहिनीच्या हे ध्यानात आलं. तिनं त्याचा बोभाटा केला नाही. दुपारी जेवणाचा डबा घेऊन ती गॅरेजात यायची, मागच्या कोपऱ्यात गोणपाटाच्या पडद्याआड बसायची आणि गाडीचा रंग नुसता डोळ्यांनी बघून तसाच्या तसा मिसळायची. डब्यावर गाडीच्या नंबराची चिठ्ठी चिकटवायची. दादा चिठ्ठी वाचून तोच डबा रंग फवारायच्या गनमध्ये भरायचा. कुणी रंगाचं कौतुक केलं तर वहिनी डोक्यावरचा पदर सावरून म्हणायची, "ह्यांचा हात हाय." अशी तेरा वर्षं गेली. घरात हे वहिनीखेरीज आई, दादा आणि मी, आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. बाहेर कुणालाही नाही. आमचा डेंटर शिवा तिथंच पत्रा ठोकायचा, पण वहिनी पडद्यामागं डबे धुते अशीच त्याची समजूत होती.

रंगाच्या धुरानं दादाची छाती गेली आणि एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला. मूलबाळ नव्हतं. गन मी हातात घेतली, वहिनी पडद्याआड बसत राहिली, चिठ्ठ्या चिकटत राहिल्या. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, थोरल्याचा हात धाकट्यात उतरला. मी ते ऐकून घ्यायचो. पहिल्यांदा जरा लाज वाटायची. वर्षभरानं वाटेनाशी झाली.

सरकारी योजनेचं वहिनीनंच काढलं. बचत गटात कुणीतरी सांगितलं, की बाईच्या मालकीचा उद्योग असेल, आणि बाई स्वतः तो चालवत असेल, तर यंत्रांसाठी अनुदान मिळतं. आम्हाला पेंट बूथ हवा होता, म्हणजे बंद खोली, आत धूळ येत नाही आणि गरम हवेवर रंग वाळतो. हायवेची धूळ ओल्या रंगावर बसायची. बूथ असेल तरच गाड्या पाठवू, असं कराडच्या एका मोठ्या शोरूमनं सांगितलं होतं. दादानंतर वारस म्हणून कागदावर वहिनीचंच नाव लागलेलं होतं. तिनं सातवीपर्यंतच्या शिक्षणावर चौदा पानांचा अर्ज स्वतःच्या हातानं भरला. जिल्ह्याच्या ऑफिसात तीन हेलपाटे घातले. असं मी तिला कधी बघितलं नव्हतं. बोलताना तिचा पदर डोक्यावरून घसरायचा आणि तिच्या ध्यानात यायचं नाही.

आईला ते खुपलं. तिनं मामाला बोलावून घेतलं आणि घरात बसून ठरवून टाकलं. योजना मंजूर झाली तर गॅरेज शालनच्या नावानं चालेल, पाटीवर तिचं नाव लागेल. नाही झाली तर शालननं सही करून गॅरेज धाकट्याला द्यायचं आणि घरात दोन घास खाऊन राहायचं. वहिनीनं क्षणभर विचार केला आणि हो म्हणाली. तिला मंजुरीची खात्री होती. का नसावी? बाई स्वतः काम करते का, एवढंच तर बघणार होते.

मामा गेल्यावर आई मला म्हणाली, "तुला बघायला मुलीकडची लोकं येतील, ती आधी पाटी वाचतील. भावजयीच्या हाताखाली राबणाऱ्याला कोण मुलगी देतंय?" हे तिनं एकदाच सांगितलं. मला दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती.

तर मॅडम यायच्या आदल्या दिवशी आम्ही तयारीला लागलो. आईनं ट्रंकेतून स्वतःची निळी इरकल काढून वहिनीला दिली. मी केबिन झाडली, टेबलावर काच टाकली, खुर्चीला टॉवेल लावला. गोणपाटाचा पडदा उतरवला. त्यामागचे डबे, काठ्या, मापं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. वहिनी विचारायला लागली, की भावजी, माझा कोपरा कशाला मोडताय? मी म्हटलं, मोठ्या बाई येणार, त्यांना हा उकिरडा दाखवायचा का? तिला पटलं. आमच्यात पाहुणा येणार म्हटलं की काम झाकायचं आणि चादर पसरायची, ही रीतच आहे. आणि आमचा धंदा तरी दुसरा काय होता.

त्या कोपऱ्यात खिळ्याला तिची एक वही टांगलेली असायची. पुठ्ठ्याच्या पानांवर प्रत्येक रंगाचा एक ठिपका, आणि खाली तिच्या गोल अक्षरात कृती. 'पांढरा पावशेर, काळा दोन थेंब, पिवळा अर्धा थेंब.' रंगांची नावं तिची तिची. शिळ्या ताकाचा पांढरा, भाजक्या विटेचा तांबडा, वांग्याच्या देठाचा हिरवा. पंधरा वर्षांचा सगळा हिशोब त्यात होता, आणि हे काम कुणाचं आहे हे दाखवणारी दुसरी कुठलीही वस्तू गॅरेजात नव्हती. ती वही मी काढली आणि लांबीच्या डब्यांखाली सरकवली. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. ते डबे शिवाशिवाय कुणी हलवत नसे.

निमकर मॅडम दुसऱ्या दिवशी अकराला आल्या. पंचेचाळिशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांनी सांगून टाकलं, की या वर्षी त्या बावीस ठिकाणी जाऊन आल्या आणि त्यातल्या अठरा ठिकाणी बाई नावापुरती होती. नवरा, दीर, मुलगा यांनी बाईच्या नावावर अर्ज टाकलेला. "त्यामुळं खऱ्या बायकांचे पैसे जातात," त्या म्हणाल्या. "मी ते जाऊ देत नाही." बाई सरळ होती. लाच घेणारी असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

वहिनी काचेच्या टेबलामागं निळी इरकल नेसून बसली होती, हात मांडीवर. त्या खुर्चीत ती जन्मात पहिल्यांदा बसली होती. समोर सासू पदर घेऊन उभी, मागं मी. मॅडमनी विचारलं, काम काय काय बघता? वहिनीनं आईकडं नजर टाकली आणि म्हणाली, समदंच बघती. समदं म्हणजे काय, हे मॅडमनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. काही नोंदी ठेवता का, असं विचारल्यावर मात्र तिचा चेहरा उजळला. ती उठून कोपऱ्याकडं गेली. खिळा होता, वही नव्हती. तिनं भिंतीवर हात फिरवला, खाली वाकून बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कसल्या नोंदी वहिनी?" मी म्हटलं.

ती परत येऊन खुर्चीत बसली. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

मग त्या गॅरेज बघत हिंडल्या. बाहेर एक पांढरट रंगाची जीप उभी होती, आदल्याच दिवशी तयार झालेली. मॅडमनी तिच्या दारावरून बोट फिरवलं, उन्हात वाकून बघितलं. शिवा म्हणाला, हे दार पार चेपलेलं होतं. मॅडमना ते खरं वाटेना. मग त्यांनी वळून विचारलं, "हा रंग कुणी जुळवला?"

सगळी योजना, गॅरेज, पाटी, वहिनीचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नावर होतं आणि ते तिला कळत होतं.  तिनं 'मी जुळवला' म्हणावं तर शिवा समोर उभा. मग तेरा वर्षं कोण जुळवत होतं? मेलेल्या नवऱ्याची झाकलेली गोष्ट तिच्या तोंडून फाट्यावर जाणार. ती तिनं कधी बोलून दाखवली नव्हती, आमच्यापाशीसुद्धा नाही. ते सांगायचं तर रक्ताच्या माणसानं सांगायचं, म्हणजे मी. ती माझ्याकडं बघत राहिली. मी सांगेन अशी तिला आशा होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मी जुळवला, मॅडम," मी म्हटलं.

मॅडमनी मान हलवली. मग वहिनीला जरा मऊ आवाजात विचारलं, "ताई, हा रंग कुठला, सांगाल?"

वहिनी म्हणाली, "शिळ्या ताकाचा पांढरा."

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. आई हसली, शिवा हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी हातातली आपली वही मिटली. त्या रंगाचं कंपनीतलं इंग्रजी नाव मला पाठ होतं, ते मी सांगितलं.

जाताना त्यांनी वहिनीला जीपच्या पलीकडं नेलं आणि हळूच सांगितलं, की तुमच्या नावावर घरातले काय करतात ते माहीत करून घ्या, न वाचता सह्या करत जाऊ नका. वहिनी म्हणाली, अर्ज माझ्या हातचा आहे. मॅडम म्हणाल्या, "सगळ्या तसंच सांगतात, ताई." त्यांनी तिचा हात हातात घेऊन थोपटला. हात थिनरनं धुतलेला, स्वच्छ, पांढराफटक होता.

पत्र महिन्याभरानं आलं. 'अर्जदार महिला नामधारी असून प्रत्यक्ष व्यवसाय पुरुष नातेवाईक चालवितात, सबब अर्ज नामंजूर. सदर अर्जदारास यापुढे योजनेचा लाभ घेता येणार नाही.' वहिनीनं ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, नामधारी म्हंजे काय? मी म्हटलं, नुसती नावाची. तिला शब्दाचा अर्थ ठाऊक असणार. तो माझ्या तोंडून ऐकायचा असावा. मामा आला, कागद झाला, तिनं सही केली. गॅरेज माझं झालं. आईनं त्या दिवशी गोड केलं होतं. वहिनीनंच पुरण वाटलं.

त्यानंतरही ती पडदा बांधून कोपऱ्यात बसायला लागली. कामात काडीचा फरक नाही. एक दिवस बघितलं तर वही परत खिळ्याला. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "लांबीच्या डब्याखाली गावली."

"शिवानं ठेवली असंल," मी म्हटलं.

"असंल," ती म्हणाली आणि पिवळ्याचा अर्धा थेंब मोजायला लागली.

मला वाटलं, मिटलं.

पुढच्याच महिन्यात निमकर मॅडमची स्वतःची गाडी फाट्यावर उसाच्या ट्रॉलीनं घासली. छोटी मरून रंगाची गाडी, दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली. डावीकडचं पुढचं दार पार फाटलं होतं. त्यांना आमचं काम आठवलं आणि त्या सरळ आमच्याकडं आल्या. म्हणाल्या, अर्जाचं मनात ठेवू नका, तुमच्या हाताला तोड नाही हे मी तेव्हाच बघितलंय. मी छाती काढून म्हटलं, परवा या, दार कुठलं होतं हे ओळखून दाखवा. वहिनी चहा घेऊन आली होती. ती गाडीपाशी वाकून रंग बघत होती. म्हणाली, "आमसुली हाय."

मॅडम तिच्याकडं बघून हसल्या, एखाद्या लहान मुलीकडं बघून हसावं तसं.

शिवानं दार ठोकून सरळ केलं, लांबी भरली, घासून दिलं आणि संध्याकाळी गावच्या जत्रेला दोन दिवसांची सुटी काढून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं डबा आणून दिला. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर मॅडमच्या गाडीचा नंबर. मी गन भरली. एक हात, दोन हात, तीन हात. वरून पारदर्शक कोट. आई बाहेर पाट टाकून तांदूळ निवडत होती, पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दार वाळलं आणि आरशासारखं चमकायला लागलं. दादाच्या वेळीसुद्धा असं झालं नसेल, असं मला वाटलं. मी गाडीवर चादर घातली.

मॅडम तिसऱ्या दिवशी दुपारी आल्या. समोरच्या हॉटेलात ट्रकवाले जेवत होते. बाहेर लख्ख ऊन. वहिनी त्या दिवशी दादाचा जुना रंगानं माखलेला सदरा साडीवर घालून आली होती आणि पडद्याच्या बाहेर उभी होती. हात कोपरापर्यंत रंगलेले. मला राग आला, पण मॅडमसमोर काय बोलणार. मी चादर ओढली.

"शोधा मॅडम," मी म्हटलं. "कुठं घासली होती ते शोधा."

मॅडम जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं, बाईला शब्द सुचेना. मी दाराशी गेलो, त्यावरून हात फिरवला, म्हटलं उन्हात बघा, सावलीत बघा, या बाजूनं बघा. त्या एकदा दाराकडं बघायच्या, एकदा माझ्याकडं. पलीकडून एक ड्रायव्हर जेवता जेवता ओरडला, "मिस्त्री, एकच दार हिरवं ठेवायची नवी फॅशन आली काय?" बाकीचे हसले.

मी दारावरचा हात काढला. मॅडम म्हणाल्या, "ही थट्टा आहे का?"

मी म्हटलं, नाही मॅडम, डब्यांची अदलाबदल झाली असणार, वहिनी डबे धुते, तिच्याकडून चुकीचा डबा आला. मी तिच्याकडं वळून ओरडलोसुद्धा. मॅडम हळूहळू म्हणाल्या, की डबा चुकेल हो, पण तुम्ही अख्खं दार रंगवलंत, तीन हात मारलेत, आणि आत्ता हात फिरवून मला दाखवताय. हे तुम्हाला दिसलं नाही? त्या दोन पावलं पुढं आल्या. "रंग तुम्हीच जुळवता ना?"

तेव्हासुद्धा मला सांगता आलं असतं.

"मीच जुळवतो," मी म्हटलं.

वहिनी पडद्याआड गेली आणि दोन डबे घेऊन आली. दोन्हींची झाकणं काढलेली. चिठ्ठी कुठल्याच डब्यावर नव्हती. तिनं ते माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवले.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यातला मॅडमच्या गाडीचा उचला."

मी तिसरीत असताना आंब्याचं झाड रंगवलं होतं, खोड हिरवं आणि पानं तपकिरी. गुरुजींनी ते चित्र हातात धरायला लावून मला सगळ्या वर्गांतून फिरवलं. घरी आल्यावर आईनं दादाला आणि मला समोर बसवून बजावलं, हे कुणापाशी बोलायचं नाही, तुमची लग्नं व्हायची नाहीत. दादाचं वहिनीला आठ दिवसांत कळलं. माझं तिला कळलंय, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. चिठ्ठी लावायची ती माझ्यासाठीच.

मी दोन्ही डब्यांकडं बघत राहिलो. दोन्ही मला सारखेच दिसत होते. ट्रकवाले जेवण सोडून बघायला आले होते. आईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं होतं. वहिनीचा चेहरा अगदी शांत होता. मला वाटलं, निम्मी तरी संधी आहे. मी वाकलो आणि उजवा डबा उचलला.

मॅडमनी मान खाली घातली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडम वहिनीला म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत? वहिनी म्हणाली, "माझा मालक जाऊन दोन वर्सं झाली हुती, मॅडम. त्याचं झाकलेलं मी उघडं करायचं हुतं का? ज्यानं करायचं तो मागं उभा हुता."

"आणि आज?"

"आज माझं काय ऱ्हायलंय?"

मॅडमनी अर्जाचं बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. अहवाल त्यांच्या सहीनं वर गेला होता. तो फिरवायचा तर आपण चूक केली असं त्यांना स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागलं असतं. "बघते मी," त्या म्हणाल्या. सरकारी माणसाच्या तोंडी हे शब्द आले की काय समजायचं ते वहिनी तीन हेलपाट्यांत शिकली होती. तिनं नुसती मान डोलावली.

मग ती पडद्यामागून आणखी एक डबा घेऊन आली, तिनं कॉम्प्रेसर चालू केला आणि सगळ्यांच्या देखत ते दार परत घासून, प्रायमर मारून, स्वतः रंगवलं. तिला गन धरता येते हे मलासुद्धा माहीत नव्हतं. मॅडम खुर्ची घेऊन संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होत्या. गाडी घेऊन जाताना त्यांनी पैसे पुढं केले, तेव्हा वहिनी माझ्याकडं बोट करून म्हणाली, "मालकाला द्या."

ती त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं माहेरी, तासगावला गेली. बरोबर कपड्यांची पिशवी आणि ती वही. मॅडमचं पत्र वगैरे काही कधी आलं नाही. भावाच्या घरी तिला कोण विचारणार? ती द्राक्षांच्या पॅकिंगला जायला लागली. हिरवे मणी एका बाजूला, पिवळट मणी एका बाजूला, दिवसभर उभं राहून. चार वर्षांपूर्वी ती वारली, तोपर्यंत तेच करत होती. मी एकदाही गेलो नाही. माझं गॅरेज पुढं दोन वर्षं टिकलं. आता मी दुसऱ्याच्या गॅरेजात पत्रा ठोकतो. आईनं आणलेली मुलगी आली आणि परत गेली, तो भाग वेगळा.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शिवा जत्रेहून परत आला. फाट्यावर उतरल्या उतरल्या त्याला बरंच कळलं असणार. त्यानं पडदा उतरवला, कोपरा झाडला. ते दोन डबे अजून तिथंच जमिनीवर होते, झाकणं उघडी, वर साय धरलेली. त्यानं आधी एकात काठी घालून ढवळलं, मग दुसऱ्यात.

"दोन्ही हिरवंच हाय की," तो म्हणाला. "एवढा हिरवा कुणाच्या गाडीला केलाय?"

मी त्याच्याकडं बघितलं नाही.

"ठेव," मी म्हटलं. "लागंल."